येमुलवारांचे दोन आवाज

मिरजेच्या रेवती आवटी आणि सिरोंचाचे गंगाधर येमुलवार रोज सकाळी बोलत, पण त्यांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. दोघंही हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले. परवाना काढून, गच्चीवर तार ताणून आकाशातून गप्पा मारणारी ही जमात मोबाइल आल्यावर संपेल असं सगळे म्हणत होते. ती संपली नाही. चहाच्या वेळेला एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर महाराष्ट्रभरची दहा-पंधरा माणसं जमत. या जमण्याला ते 'नेट' म्हणत.

येमुलवार वनखात्यात वायरलेस ऑपरेटर होते. निवृत्तीनंतर ते प्राणहिता आणि गोदावरीच्या संगमाजवळच्या घरात एकटेच राहत. पत्नी वारली होती, मुलगी स्रवंती हैदराबादला नोकरीला होती. नेटवर त्यांची पाळी आली की लोक इतर कामं थांबवून ऐकत. "आज प्राणहिता गढूळ आहे, गोदावरी नितळ. मधे कुणी रेघ मारल्यासारखी दिसते," असं काहीतरी ते सांगत आणि मिरजेत बसलेल्या रेवतीला ती रेघ दिसे.

रेवती मिरजेच्या एका इस्पितळात स्पीच थेरपिस्ट होती. पक्षाघातानं वाचा गेलेल्या माणसांना ती पुन्हा बोलायला शिकवायची. तिचा नवरा अभय तंत्रनिकेतनातून निवृत्त झालेला इलेक्ट्रॉनिक्सचा मास्तर. घरात सेट दोघांचा एकच, आणि त्या सेटमधल्या एका चिपशी अभयचं कायमचं भांडण होतं.

ते भांडण समजायला कोडेक म्हणजे काय ते थोडं सांगायला हवं. माणसाचा आवाज जसाच्या तसा डिजिटल करून पाठवायचा तर फार जागा लागते. हौशी रेडिओच्या चिंचोळ्या वाटेतून तो जात नाही. म्हणून आवाजाऐवजी आवाजाचं वर्णन पाठवतात. स्वर किती उंच, तोंडाचा आकार कसा, जोर किती. पलीकडचा सेट या वर्णनावरून आवाज पुन्हा घडवतो. हे वर्णन करण्याची आणि त्यावरून आवाज घडवण्याची रीत म्हणजे कोडेक.

'सुस्वर' नावाच्या कोडेकनं ही रीत पार पुढे नेली. सेट घेतल्यावर पहिल्या दिवशी तुम्ही थोडा वेळ काहीतरी वाचून दाखवायचं. चिप त्यावरून तुमच्या आवाजाचा साचा बनवायची आणि तो साचा ऐकणाऱ्याच्या सेटकडे पोचता व्हायचा. त्यानंतर हवेतून जायचं ते फक्त तुम्ही कोणते ध्वनी उच्चारले आणि कोणत्या चढउतारात, एवढंच. बाकी सगळं पलीकडचा सेट साच्यातून भरून काढी. विजा कडाडत असोत, निम्मे ध्वनी वाटेत हरवोत, सुस्वर अंदाजानं वाक्य पुरं करी आणि आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा येई. एवढी सोय झाल्यावर ते फोनमध्येही गेलं, आणि काही वर्षांत देशातला जवळजवळ प्रत्येक फोन सुस्वरमधून बोलू लागला.

"आत काय चालतं ते कुणाला बघता येत नाही," अभय म्हणायचा. "झाकण उघडलं तर करार मोडतो. अरे, जो सेट उघडून बघता येत नाही तो हॅमचा सेट कसला?"

"पण ऐकू छान येतं ना," रेवती म्हणायची.

"छान येतं म्हणूनच भीती वाटते."

या भीतीची नेटवर चेष्टाच होत असे. सुस्वर कधीकधी बोलीतले शब्दही प्रमाण भाषेत आणून ठेवी. येमुलवार 'हाव' म्हणत तेव्हा मिरजेत 'हो' ऐकू येई, आणि मिरजेचं 'की ओ' सिरोंचाला पोचेपर्यंत गळून पडे. लोक हसत आणि सोडून देत. अभय आणि देशभरातले त्याच्यासारखे काही हट्टी लोक मात्र 'मोकळी' नावाचा एक खुला कोडेक घडवत होते. त्याची एकूण एक ओळ कुणालाही वाचता येई, बदलता येई. तो साचाबिचा ठेवत नसे. तोंडातून निघालं त्याचं वर्णन, बस. आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटे आणि हवामान बिघडलं की तुटे. अभय सोडून कुणालाच तो आवडत नव्हता.

मग एके दिवशी सुस्वरच्या कंपनीनं जाहीर केलं की हौशी रेडिओच्या सेटना यापुढे साचे पुरवले जाणार नाहीत. गिऱ्हाईकं थोडी, खटाटोप फार. ठरल्या तारखेला सगळे सेट मुके झाले. अभयनं हे फार दिवस आधीच सांगून ठेवलं होतं, पण त्यानं ते पुन्हा बोलून दाखवलं नाही. त्यानं एकेकाला फोन करून, धीर धरून मोकळी कसा बसवायचा ते शिकवलं. आठवडाभरात नेट पुन्हा भरलं. कुरकुर होती, पण सगळे होते.

फक्त येमुलवार आले नाहीत.

रेवतीनं फोन केला. "भाऊ, तुमच्याशिवाय नेट ओकंओकं वाटतंय."

"येतो ना ताई," येमुलवार म्हणाले. आवाज नेहमीसारखा भरदार, सावकाश, गोड. "तो तुमचा मोकळी माझ्या सेटवर बसत नाही. बघतो."

"अभय सांगेल तुम्हाला कसं ते."

"बघतो, बघतो. नदीला पाणी चढलंय, त्या गडबडीत आहे."

असं दोनतीनदा झालं. अभयला नवल वाटलं. आयुष्यभर जंगलात सेट दुरुस्त करत हिंडलेल्या माणसाला एक कोडेक बसवता येऊ नये?

एका सकाळी नेट संपलं होतं. अभय भाजी आणायला गेला होता आणि रेवती इस्पितळात जायच्या तयारीत होती. सेट चालूच राहिला होता. त्यातून कुणीतरी बोलू लागलं.

आधी तिला वाटलं, कुणी दारू पिऊन बसलंय. मग वाटलं, मोकळी बिघडला. शब्द एकमेकांना चिकटून येत होते. 'ब' आणि 'प' नाकातून निघत होते. दोन शब्द झाले की श्वास संपत होता. पण कोडेक बिघडला की आवाज तुटतो, किरकिरतो. जीभ अशी जड होत नाही. रेवती हातातली पर्स घेऊन तशीच उभी राहिली. हे बोलणं तिनं इस्पितळात ऐकलं होतं, पुष्कळदा. मेंदूकडून जिभेला, ओठांना, घशाला हुकूम नेणारे मज्जातंतू सुकत जातात तेव्हा माणूस असा बोलतो.

तो माणूस कॉलसाइन सांगत होता. हॅमचं कॉलसाइन म्हणजे त्याचं हवेतलं नाव. त्यानं एकेक अक्षर ओढत आणून ठेवलं, आणि शेवटच्या अक्षरापाशी रेवतीला कळलं, हे येमुलवारांचं कॉलसाइन.

तिनं माइक उचलून हाक मारली. पलीकडून काही आलं नाही.

मग तिनं फोन लावला.

"बोला ताई," येमुलवार म्हणाले. भरदार, सावकाश, गोड.

"भाऊ, आत्ता तुम्ही मोकळीवर होता?"

"नाही हो. मी तर अंगणात आहे."

रेवतीच्या एका कानाला फोन होता. दुसऱ्या कानात अजून तो मघाचा आवाज होता. एकाच माणसाचे दोन आवाज तिनं पाचेक मिनिटांच्या अंतरानं ऐकले होते, आणि त्यातला कोणता खरा याबद्दल तिला शंका नव्हती. "बरं," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

अभय आला तेव्हा ती तिथेच बसली होती. तिनं सांगितलं, त्यानं ऐकून घेतलं.

"फोनमधलं सुस्वर दुरुस्त करतंय," तो शेवटी म्हणाला. "अडखळलेला ध्वनी त्याला वाटेत झालेला बिघाड वाटतो. ते साच्यातला जवळचा स्वच्छ ध्वनी उचलून तिथे भरतं. साचा आठ वर्षांपूर्वीचा, त्यांनी सेट घेतला तेव्हाचा."

"म्हणजे आठ वर्षं आपण तोच आवाज ऐकतोय."

"कुणाचंच वय झालं नाही त्यात. सर्दीही झाली नसेल."

रेवतीच्या मनात दुसराच विचार आला. तिचे कितीतरी रुग्ण घरी गेल्यावर फोनवर तिच्याशी बोलत. 'छान सुधारणा आहे' असं ती त्यांना सांगत असे. फोन आवाज थोडा साफ करतो हे तिला ठाऊक होतं, जसं फोटोत चेहरा थोडा उजळतो हे सगळ्यांना ठाऊक असतं. किती साफ करतो, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी इस्पितळात गेल्यावर तिनं सगळ्यांना प्रत्यक्ष बोलावणं धाडलं. आणि संध्याकाळी अभयला म्हणाली, "सिरोंचाला जायचं."

गाड्या बदलत बल्लारशा, तिथून पुढे जंगलातून बस. थांब्यावर उतरल्यावर अभयनं एका दुकानात पत्ता विचारला. दुकानदारानं हात करून घर दाखवलं आणि हळूच म्हणाला, "पन दुपारनंतर नका जाऊ. लई पितेत आजकाल. बोलनंही समजत नाही त्याइचं."

येमुलवार पायरीवर बसले होते. रेवती त्यांना आवाजावरून धिप्पाड समजत होती. समोर होता तो हाडकुळा, सदरा खांद्यावरून ओघळणारा माणूस. त्यांनी दोघांकडे पाहिलं, अभयच्या हातातली हॅम क्लबची पिशवी पाहिली आणि ओळखलं. उठायला वेळ लागला.

"ताई," ते म्हणाले. तेवढ्या एका शब्दाला त्यांना दोन श्वास लागले.

त्यांनी चहा केला. तिघं बसले. पहिल्याच घोटाला येमुलवारांना ठसका लागला आणि तो थांबेना. रेवतीनं पाठीवर हात ठेवून त्यांची मान पुढे वाकवली.

"भाऊ, जेवताना असं किती दिवस होतंय?"

"होते... कधीकधी."

"रोज होतंय. वजन किती उतरलंय ते दिसतंय मला. डॉक्टरना दाखवलंत?"

त्यांनी फोनकडे बोट केलं. गावापासून मोठं इस्पितळ लांब, म्हणून डॉक्टर फोनवरच तपासत. त्यांनी बोलायला त्रास होतो असं सांगितलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, 'तुमचं बोलणं तर अगदी स्पष्ट आहे काका. थकवा असेल.' व्हिडिओ लावून दाखवावं तर नेटवर्क नीट नसे.

"मंग मी बी सोडून देल्लं," येमुलवार म्हणाले. थांबले. श्वास घेतला. "ताई, घरी बोललो... तं लोक दारू म्हनतेत. अन सेटवर, फोनवर... मी बरा असतो. पोरगी म्हनते, बाबा, आवाज कसा खनखनीत हाय तुमचा. तिले कायले सांगू? पोटुशी हाय ते."

बोलायला त्यांना इतका वेळ लागला की चहा गार झाला. कुणी घाई केली नाही. त्यांची खरी बोली रेवती आज पहिल्यांदाच ऐकत होती, हे तिच्या ध्यानात आलं.

"सुस्वर बंद झालं," ती म्हणाली, "तेव्हा नेटवर आला नाहीत ते याच्यासाठी?"

"हाव."

"आणि त्या दिवशी?"

"नेट संपलं व्हतं ना. वाटलं, कोनी नसन. एकडाव... बोलून पाहू."

रेवतीनं आपलं मत स्पष्ट सांगितलं. मज्जातंतू सुकवणारा हा आजार बरा होत नाही. पण त्याचा वेग कमी करणारं औषध आहे आणि ते जितकं लवकर सुरू होईल तितकं चांगलं. अन्न श्वासनलिकेत जाण्याचा धोका आहे. अन्नासाठी पोटात नळी बसवावी लागेल, आणि तीही छातीत दम आहे तोवरच. "हे तुमच्या मुलीला आजच कळायला हवं. पोटुशी असली तरी."

येमुलवारांनी मान डोलावली. फोन स्पीकरवर लावला. पण स्रवंती 'बाबा' म्हणाली आणि त्यांचं बळ गेलं. "बरं हाय सगळं," ते म्हणाले, आणि जे लडबडत त्यांच्या तोंडातून निघालं ते हैदराबादला खणखणीत पोचलं. रेवतीनं फोन हातात घेतला, आपण कोण ते सांगितलं, आणि काय झालंय तेही.

"आत्ता तर बोलले ते," स्रवंती म्हणाली. "काही फरक नाही त्यांच्या बोलण्यात. मी रोज ऐकते. माफ करा, पण तुम्ही कोण, मला ठाऊक नाही."

तिचं काही चुकत नव्हतं. अभयनं फोन घेतला.

"तुझ्याजवळ कॉम्प्युटर आहे का? हैदराबादच्या हॅम मंडळींनी एक रिसीव्हर इंटरनेटला जोडून ठेवलाय, कुणीही ऐकू शकतं. मोकळी उतरवून घे. परवाना लागत नाही, विचारावं लागत नाही कुणाला. मी फ्रिक्वेन्सी सांगतो."

तिनं सगळं केलं. येमुलवार आपल्या सेटसमोर बसले. हौशी रेडिओवर घरगुती निरोप द्यायचे नसतात, आणि ते आयुष्यभर नियमानं वागलेले वायरलेसवाले. त्यांनी बटण दाबलं आणि आपलं कॉलसाइन सांगितलं. "चाचनी," म्हणाले. पुन्हा कॉलसाइन. एकेक अक्षर, मधे श्वास. लहानपणी स्रवंतीला घरचा पत्ता यायच्या आधी हे कॉलसाइन पाठ झालं होतं.

मग त्यांनी बटण सोडलं.

"निघते मी," फोनवर स्रवंती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती नवऱ्याबरोबर गाडीनं आली. वडिलांजवळ बसून राहिली, त्यांना काही विचारलं नाही, बोलायला लावलं नाही. संध्याकाळी रेवती भांडी आवरत होती तिथे आली.

"मी रोज बोलत होते, ताई," ती म्हणाली. "एक दिवस चुकवला नाही. मैत्रिणींना सांगायचे, माझे बाबा एकटे आहेत पण मी रोज बोलते त्यांच्याशी."

"बोलत होतीसच तू."

"कुणाशी?"

रेवतीनं हात पुसले आणि त्या मुलीच्या डोक्यावर ठेवले.

स्रवंतीनं वडिलांना हैदराबादला नेलं. रेवतीचा अंदाज खरा ठरला. औषध सुरू झालं, नळी वेळेत बसली, वजन थोडं भरलं. सिरोंचाच्या त्या दुकानदारानं कुणाच्या तरी हाती चार आंबे पाठवले, निरोप काही पाठवला नाही. स्रवंतीला मुलगी झाली. पण येमुलवारांचं बोलणं उतरतच गेलं. ते मोकळीवरून नेटला येत, सगळे कान देऊन ऐकत, तरी निम्मं समजत नसे. 'पुन्हा सांगा भाऊ' म्हणायला लोकांना जड जाई. ते पुन्हा गप्प होऊ लागले.

स्रवंतीच्या गच्चीवरची अँटेना नीट करायला म्हणून आवटी नवराबायको हैदराबादला गेले, तेव्हा येमुलवारांनी अभयला जवळ बसवलं.

"मोकळीत... मदतीचं बटन बसवा."

"म्हणजे आवाज दुरुस्त करायचं?"

"हाव."

अभय म्हणाला, "भाऊ, मग सुस्वरनं काय वेगळं केलं होतं? याचसाठी तर आम्ही इतकी वर्षं भांडलो. आत गेलं ते बाहेर यावं, मधे कुणी हात घालू नये."

"अभय," रेवती म्हणाली.

"नाही, त्यांना खरंच विचारतोय मी."

येमुलवारांनी श्वास जमवला. वाक्य पुरं व्हायला वेळ लागला, मधे एकदा नातीला दुसऱ्या खोलीत न्यावं लागलं. "सुस्वरनं... मले ना इचारता केलं. केलं हेही... कोनाले सांगतलं नाही. बटन माह्या हाती द्या. किती फिरवाचं... मी पाहीन. अन आयकनाऱ्याले... दिसू द्या. लपवाचं नाही आता."

अभयनं चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "दिसू द्यायचं," तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "ते करता येईल."

मोकळी खुला होता म्हणून कुणाची परवानगी काढावी लागली नाही. अभयनं पाया रचला, कोइमतूरच्या एका बाईंनी त्यातल्या चुका काढल्या, रेवतीनं येमुलवारांचे उच्चार बसून समजावून दिले. कोणता 'न' खरं म्हणजे 'ल' आहे, कुठे श्वासाची फट आहे आणि ती बुजवायची नाही. बटण शून्यावर असलं की आवाज जसाच्या तसा. जितकं फिरवाल तितके शब्द स्वच्छ. आणि बटण शून्यावरून हललं की ऐकणाऱ्याच्या सेटवर 'साहाय्य' ही अक्षरं उमटत.

ते बसवलं त्या सकाळी नेटवर सगळे वेळेआधी हजर होते. येमुलवारांची पाळी आली. मिरजेच्या सेटवर 'साहाय्य' उमटलं आणि ते बोलू लागले. हैदराबादला नदी नाही, म्हणाले, म्हणजे आहे, पण तिच्याविषयी सांगण्याजोगं काही नाही. नात रडते तेव्हा खालच्या मजल्यावरचा पोपट तिची नक्कल करतो. शब्द न शब्द कळत होता. सुस्वरसारखा गोड नव्हता तो आवाज. मधे दम लागत होता तो तसाच येत होता. लोक हसले, कुणीतरी पोपटाचं नाव विचारलं.

मग सेटवरची ती अक्षरं पुसली गेली. अभयनं रेवतीकडे पाहिलं. येमुलवारांनी बटण शून्यावर नेलं होतं.

काही वेळ नुसता श्वास ऐकू आला. मोकळी त्यात काही भरत नव्हता. अभयनं माइक खाली ठेवला.

"ताई," येमुलवार म्हणाले. "आवाज... कसा... येते?"

हॅम हा प्रश्न रोज एकमेकांना विचारतात आणि त्याचं उत्तर खरं द्यायचं असतं. रेवतीनं माइक उचलला. तिच्या मनात दोनतीन मऊ उत्तरं येऊन गेली.

"श्वास कमी पडतोय, भाऊ," ती म्हणाली. "गेल्या महिन्यापेक्षा कमी. जीभ जड आहे. पण तुम्ही आहात हे कळतंय."

पलीकडून आधी श्वास आला.

"हाव," ते म्हणाले. "बरोबर... सांगतलं."

आणि सेटवर पुन्हा 'साहाय्य' उमटलं, आणि ते पोपटाचं नाव सांगू लागले.